चंद्रपूर आलं की प्रोग्राम का मरतो

या अंकासाठी तीन पत्रं घेतलीत आणि तिन्ही कॉम्प्युटरच्या मेमरीचीच आहेत. ठरवून नाही घेतली, पण सोयाबीन निघून कापूस सुरू झाला की जिनिंगच्या कॉम्प्युटरची पत्रं येतातच, आणि त्यात एका मुलीचं पत्र असं आलं की ते पहिलं घेतल्याशिवाय राहवेना, म्हणून जास्त जागा तिलाच दिलीय.

प्रश्न : सर, मी दारव्ह्याजवळच्या खेड्यातली, इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गावच्या शाळेतल्या पोरांसाठी सी मध्ये एक छोटा इंटरप्रिटर, म्हणजे दुसरे प्रोग्राम वाचून चालवणारा प्रोग्राम, लिहिते आहे, त्यात सगळे शब्द मराठी, छाप, जर, नाहीतर, जोवर असे. लॅपटॉप जुना आहे, 64 बिट उबुंटू. दोन गोष्टींनी जीव खाल्ला. एक, विदर्भाच्या 11 जिल्ह्यांची यादी छापणारा प्रोग्राम यादी पूर्ण छापतो पण बंद होताना "फ्री : इन्व्हॅलिड पॉइंटर" म्हणून मरतो. चंद्रपूर आणि गडचिरोली ही दोन नावं काढली की एकदम बरोबर, बाकी 9 जिल्ह्यांनी काहीच होत नाही. दोन, गाव आणि तालुका यांची नावं जोडत जाणारा लूप पाच-सातशे वेळा नीट चालतो आणि मग भलतीच अक्षरं छापतो, कधी सेगमेंटेशन फॉल्ट म्हणून बंद पडतो. मधात प्रिंटएफ टाकलं की बग गायब. मैत्रिणी म्हणतात लॅपटॉपच खराब आहे. काहून होते असं? स्ट्रिंग बनवणारं आणि स्ट्रिंग जोडणारं, दोन्ही फंक्शन सोबत पाठवले आहेत.

उत्तर : लॅपटॉप चांगला आहे, त्याला काही झालेलं नाही. आणि कोणत्या नावांनी प्रोग्राम मरतो हे तू नेमकं शोधून काढलंस ना, तिथंच निम्मं काम झालं, कारण "कधीकधी क्रॅश होतो" एवढंच लिहिणाऱ्याला कुणीच काही सांगू शकत नाही, पण 11 पैकी हीच 2 नावं म्हटलं की मोजायला बसता येतं.

तर मोजूया. चंद्रपूर या शब्दात च, अनुस्वार, द, हलंत, र, प, दीर्घ ऊकार आणि र, असे 8 कोडपॉइंट, म्हणजे स्वतंत्र क्रमांक असलेल्या खुणा, आहेत. यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये लिहायच्या पद्धतीत, देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट 3 बाइट खातो, मग तो अख्खा च असो की नुसता अनुस्वार. म्हणजे 24 बाइट, आणि सी ला शेवटी एक शून्य लागतो तो धरून 25. आता तुझं फंक्शन बघ, त्यात अक्षरं मोजणारा जो काउंटर आहे तो कोडपॉइंट मोजतो आणि मॅलॉकला, म्हणजे मेमरीत जागा देणाऱ्या फंक्शनला, तू त्यातच 1 मिळवून देतेस, म्हणजे मागितले 9 बाइट आणि मेमकॉपीने भरले 24, वरून शून्य. चूक प्रत्येक जिल्ह्याला होतेय. अकोल्याला 6 मागितले आणि 16 भरले, यवतमाळला 7 मागितले आणि 19 भरले.

मग यवतमाळला का नाही मरत? कारण उबुंटूवरच्या जीलिबसी या सी लायब्ररीचा मॅलॉक 64 बिटवर कितीही कमी मागितलं तरी वापरायला कमीत कमी 24 बाइटची जागा देतो, 1 मागितला तरी 24, 9 मागितले तरी 24. अमरावती, बुलढाणा, गोंदिया हे तिघे 7-7 कोडपॉइंटचे, म्हणजे 22 बाइट, मावले. नागपूर, भंडारा 19, मावले. वर्धा, वाशिम तर 16 मध्येच बसतात. 24 च्या पुढे जाणारे फक्त दोनच, चंद्रपूर आणि गडचिरोली, दोघेही 25 वर, म्हणजे बरोबर एका बाइटने बाहेर. आणि तो एक बाइट कुठे पडतो ते फार महत्त्वाचं आहे. मॅलॉक प्रत्येक तुकड्याच्या आधी त्या तुकड्याचा आकार लिहून ठेवतो, तू आधी अक्षरांची जागा मागतेस, लगेच स्ट्रिंग ऑब्जेक्टची मागतेस, आणि मग कॉपी करतेस, त्यामुळे शेजारी बसलाय तुझाच स्ट्रिंग ऑब्जेक्ट. तुझा शून्य जाऊन पडतो त्याच्या आकाराच्या सगळ्यात खालच्या बाइटवर, आणि ऑब्जेक्ट लहान असल्यामुळे त्याचा अख्खा आकार त्याच एका बाइटमध्ये असतो, तो झाला 0. छापताना हे कुणीच तपासत नाही म्हणून यादी पूर्ण छापते. बंद होताना तू सगळं फ्री करतेस, म्हणजे जागा परत देतेस, तेव्हा मॅलॉक आकार बघतो, 0 दिसतो, आणि तिथं प्रोग्राम पाडतो.

दुरुस्ती एका ओळीची आहे, कोडपॉइंट मोजून नाही तर बाइट मोजून जागा माग, शेवटाचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) वजा सुरुवातीचा पॉइंटर, अधिक 1. कोडपॉइंटचा काउंटर ठेव, तो "लांबी" हे फंक्शन देशील तेव्हा लागेल, फक्त मॅलॉकच्या आसपास त्याला फिरकू देऊ नको.

पण एक सांगतो, असं हाताने मोजत बसायची वेळ पुढच्या वेळी येऊ नये. जीसीसी या सी कंपायलरमध्ये 4.8 पासून, म्हणजे 2013 पासून, मेमरीच्या चुका पकडणारा अ‍ॅड्रेस सॅनिटायझर आहे, वेगळं काही डाउनलोड करायचं नाही, गावात नेट नसलं तरी चालतं. कंपाइल करताना मायनस जी आणि मायनस एफसॅनिटाइझ इक्वल अ‍ॅड्रेस एवढं द्यायचं. तो प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही बाजूंना पहारा ठेवतो आणि मॅलॉकने उदार होऊन दिलेल्या जास्तीच्या जागेलाही हात लावू देत नाही. तुझी यादी अकोल्यापासून सुरू होते, तर तो चंद्रपूरपर्यंत जाणारच नाही, अकोल्यालाच थांबवेल आणि सांगेल की 6 बाइटच्या तुकड्यात 15 बाइट लिहायला गेलीस, लिहिलं या ओळीवर आणि तुकडा मागितला होता त्या ओळीवर. प्रोग्राम साधारण दुप्पट हळू होतो, मेमरीही जास्त लागते, पण तुझ्या इंटरप्रिटरसाठी जुन्या लॅपटॉपवर आरामात चालेल. व्हॅलग्राइंड हा दुसरा प्रोग्रामही हेच पकडतो आणि त्याला परत कंपाइल करावं लागत नाही, पण तो 20-30 पट हळू असतो आणि गावात लाईन कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून मी तुला सॅनिटायझरच सुचवतो.

आता दुसरा बग. हा पहिल्यापेक्षा जास्त शिकवणारा आहे आणि जो कुणी स्वतःचा गार्बेज कलेक्टर, म्हणजे नको झालेली मेमरी आपोआप सोडणारा भाग, लिहितो त्याला हा भेटतोच. तुझं जोडणारं फंक्शन काय करतं बघ. स्टॅकवरून, म्हणजे चालू किमतींच्या थप्पीवरून, पहिली स्ट्रिंग पॉप केली, म्हणजे उतरवली, दुसरी पॉप केली, मग निकालासाठी नवीन जागा मागितली, मग दोन्हीतली अक्षरं तिकडे कॉपी केली. वाचताना सगळं बरोबर वाटतं. पण तुझ्या अ‍ॅलोकेटरमध्येच लिहिलंय की मेमरी ठराविक मर्यादेच्या वर गेली की आधी कलेक्टर चालव. म्हणजे जागा मागायला गेलीस आणि नेमकी तेव्हाच मर्यादा ओलांडली गेली, तर कलेक्टर सुरू होतो, तो स्टॅक आणि ग्लोबल बघून कोण जिवंत आहे ते ठरवतो, आणि तुझ्या दोन स्ट्रिंग तर तू आधीच स्टॅकवरून उतरवल्यात. त्या आता फक्त सी च्या लोकल व्हेरिएबलमध्ये आहेत आणि कलेक्टरला सी चे लोकल दिसत नाहीत. तो त्यांना कचरा समजून सोडून देतो, आणि तू परत येऊन सोडून दिलेल्या जागेतून अक्षरं कॉपी करतेस.

पाच-सातशे वेळा नीट का चालतं, तर तोवर मर्यादाच येत नाही. आणि प्रिंटएफने गायब का होतं, तर सोडलेली जागा लगेच पुसली जात नाही, दुसरं कुणी ती घेईपर्यंत बरीचशी जुनी अक्षरं तिथंच पडून असतात, आणि प्रिंटएफ स्वतःसाठी बफर मागतं त्याने हीपची, म्हणजे मॅलॉक वाटतो त्या जागेची, मांडणी थोडी सरकते आणि त्या दिवशी ती जागा दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येत नाही. बग तिथंच असतो. प्रिंटएफ टाकलं आणि बरं झालं म्हणून तसंच शाळेत देऊ नको, ही हात जोडून विनंती आहे, कारण मग पोरांच्या हातात तो कधीतरी निघेल आणि त्या पोरांना वाटेल की आपलंच चुकलं.

असा बग पकडायची खरी रीत अशी की त्याला वाट बघू द्यायची नाही. अ‍ॅलोकेटरमध्ये एक स्विच टाक, तो चालू असला की मर्यादा वगैरे काही न बघता प्रत्येक मागणीला अख्खं गार्बेज कलेक्शन चालवायचं. प्रोग्राम अतोनात हळू होईल, होऊ दे. पाच-सातशे फेऱ्यांनंतर येणारा क्रॅश पहिल्याच जोडणीला येईल, आणि रोज तिथंच येईल. सोबत अ‍ॅड्रेस सॅनिटायझर ठेवलास तर तो "हीप यूज आफ्टर फ्री" असं म्हणून तीन माग दाखवेल, वापरली कुठे, सोडली कुठे, मुळात मागितली कुठे. त्यातला मधला माग नीट वाच, कारण त्यात खालून वर तुझंच जोडणारं फंक्शन, त्याने बोलावलेला अ‍ॅलोकेटर, त्याने बोलावलेला कलेक्टर आणि त्याने बोलावलेलं फ्री अशी पूर्ण साखळी दिसेल, तिथं मग कुणाला विचारायची गरज राहत नाही.

सॅनिटायझर नसेल तेव्हासाठी अजून एक सवय, सोडण्याआधी तो अख्खा तुकडा एखाद्या ओळखीच्या बाइटने भरून टाकायचा. पायथनच्या डीबग मोडमध्ये हेच करतात, 3.8 पासून नवीन तुकडा 0एक्ससीडी ने भरतात, सोडलेला 0एक्सडीडी ने, आणि दोन्ही टोकांना 0एक्सएफडी चे पहारे असतात, म्हणजे डीबगरमध्ये एखाद्या पॉइंटरमध्ये डीडी डीडी डीडी दिसलं की बघताक्षणी कळतं की हा मेलेल्या ऑब्जेक्टमधून आलाय. यासाठी सोडताना तुकडा किती मोठा हे माहीत पाहिजे, म्हणून तुझा अ‍ॅलोकेटर असा लिही की त्याला जुना आकार आणि नवा आकार दोन्ही द्यावे लागतील. ब्राझीलमध्ये 1993 साली बनलेली लुआ भाषा अगदी असाच अ‍ॅलोकेटर घेते, एकच फंक्शन, मागणं, वाढवणं, सोडणं सगळं त्यातूनच, त्यामुळे तपासणीचा कोड टाकायला जागा एकच राहते.

दुरुस्ती म्हणशील तर पॉप करू नको, नुसतं डोकावून बघ, निकालाची स्ट्रिंग पूर्ण तयार होऊ दे, मग दोन्ही उतरव आणि निकाल चढव. हाच दोष अजून कुठे आहे तेही बघ. कॉन्स्टंटच्या अ‍ॅरेत नवीन ऑब्जेक्ट टाकतेस तिथं नक्की असणार, कारण अ‍ॅरे भरला असला की तो वाढवायला जागा मागावी लागते आणि तेवढ्यात कलेक्टर येऊन नुकताच जन्मलेला ऑब्जेक्ट घेऊन जातो. तिथं ऑब्जेक्ट आधी स्टॅकवर चढवायचा, अ‍ॅरेत टाकायचा, मग उतरवायचा. आणि अ‍ॅरे वाढला की तो दुसऱ्या पत्त्यावर जाऊ शकतो, तेव्हा त्याच्या आतला जुना पॉइंटर कुठे धरून ठेवला नाहीस ना, हेही. जॉन मॅकार्थींनी लिस्प भाषेसाठी गार्बेज कलेक्शन मांडलं ते 1960 च्या पेपरात, तेव्हापासून कोण जिवंत हे कलेक्टरला पूर्ण कळवणं हेच या कामातलं अवघड राहिलंय.

इंटरप्रिटर पूर्ण झाला की कळव. मराठी शब्दांचा इंटरप्रिटर खेड्यातल्या शाळेत चालतोय हे मला खूप मोठं वाटतं.

प्रश्न : राम राम भाऊ. मी वणी तालुक्यात एका जिनिंगवर काट्याचं काम पाहतो. काट्याची पावती काढायला पायथनमध्ये प्रोग्राम मीच शिकून शिकून बनवला, विंडोज, 4 जीबी रॅम. गाडी काट्यावर आली की समोरचा आणि मागचा असे दोन कॅमेरे फोटो घेतात, भरली गाडी, खाली गाडी, वजन, सगळं पावतीवर येते. सकाळी चांगलं चालते पण दुपारनंतर कॉम्प्युटर जड होत जाते, टास्क मॅनेजरमध्ये पायथन वाढतच राह्यते, संध्याकाळी हँग. सीझनमध्ये दिवसाला तीनशेक गाड्या असतात, शेतकरी रांगेत उभे आणि मी कॉम्प्युटर रीस्टार्ट करून राह्यलो. जीसी.कलेक्ट प्रत्येक पावतीनंतर टाकलं, डेल टाकलं, काही फरक नाही. पायथनमध्येच लीक आहे, मेमरी सुटत नाही, असं एकानं सांगितलं. प्रोग्राम पाठवला आहे.

उत्तर : राम राम भाऊ. प्रोग्राम वाचला, आणि पायथनवर आळ घेऊ नका, त्याच्याकडे जे धरून ठेवायला दिलंय तेवढंच तो धरून बसलाय. जीसी.कलेक्ट टाकून फरक का नाही पडला ते आधी सांगतो. पायथन प्रत्येक ऑब्जेक्टला किती जणांनी धरलंय ते मोजत असतो आणि मोजणी 0 झाली की त्याच क्षणी सोडतो. जीसी, म्हणजे गार्बेज कलेक्टर, आहे तो फक्त एकमेकांना धरून बसलेल्या आणि बाहेरून कुणीच न धरलेल्या ऑब्जेक्टसाठी. ज्याला बाहेरून कुणीतरी अजून धरलंय, त्याला जीसी हजार वेळा बोलावूनही हात लावणार नाही, लावूही नये. आणि डेल फक्त तुमचं नाव काढतो, दुसऱ्या कुणी धरलं असेल तर ऑब्जेक्ट तसाच राहतो. म्हणून सोडवायचं कसं हे नंतर, आधी धरलंय कुणी ते शोधायचं.

त्यातही पहिलं, नेमकं काय वाढतंय ते बघायला ट्रेसमॅलॉक आहे, पायथन 3.4 पासून, म्हणजे 2014 पासून सोबतच येतो, वेगळं इन्स्टॉल करायचं नाही. प्रोग्रामच्या सुरुवातीला तो स्टार्ट करा, सकाळच्या वीसेक गाड्या झाल्या की एक स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची मेमरीची नोंद, घ्या, आणखी पन्नासेक गाड्यांनी दुसरा, आणि दुसऱ्याची पहिल्याशी कम्पेअर टू ने ओळीनुसार तुलना छापा. पहिला स्नॅपशॉट प्रोग्राम उघडल्याबरोबर घेऊ नका, तेव्हा लायब्ररी लोड होत असतात आणि सगळा गोंगाट त्यांचाच येतो. तुमच्याकडे सगळ्यात वर जी ओळ येईल ती कॅमेऱ्याच्या रीडची असणार. हिशोब करा, फोटो 1280 गुणिले 720 चा, प्रत्येक ठिपक्याला 3 बाइट, म्हणजे 27,64,800 बाइट. मेमरीत फोटो जेपेगसारखा दाबलेला नसतो, पूर्ण पसरलेला असतो. एका गाडीचे दोन, 300 गाड्यांचे झाले 1.6 जीबीच्या वर. 4 जीबीच्या कॉम्प्युटरमध्ये विंडोजचं स्वतःचं धरून हे मावणारच नाही.

पण ट्रेसमॅलॉक फोटो कुठे जन्मला ते सांगतो, त्याला अजून कोण धरून बसलंय ते सांगत नाही. इथं बरेच जण अडकतात आणि कॅमेऱ्याची ओळच बदलत बसतात. धरणारा तुमच्या पावतीच्या क्लासमध्ये आहे. निव्वळ वजन काढणाऱ्या मेथडवर तुम्ही एलआरयू कॅशे, म्हणजे आधीचे निकाल साठवणारी सोय, लावलाय आणि मॅक्ससाइज नन, म्हणजे मर्यादाच नाही, असं दिलंय. मेथडला पहिला आर्ग्युमेंट सेल्फ असतो, म्हणजे ती पावतीच. कॅशे निकालासोबत आर्ग्युमेंटही किल्ली म्हणून जपून ठेवतो, मर्यादा तर तुम्हीच काढून टाकली, त्यामुळे दिवसभरातली प्रत्येक पावती कॅशेत, आणि पावतीसोबत तिचे दोन्ही फोटो. मॅक्ससाइज न लिहिता ठेवलं असतं तरी 128 वर थांबलं असतं. शंका असेल तर एखादी जुनी पावती घेऊन जीसी.गेट रेफरर्सला द्या आणि मागे मागे जात राहा, कॅशेपर्यंत पोचाल.

तर तो कॅशे काढूनच टाका, भरल्या वजनातून खाली वजन वजा करायला कॅशे लागत नाही. फोटो डिस्कवर सेव्ह झाला की पावतीतल्या त्या जागी नन टाका, फक्त फाइलचं नाव ठेवा. आणि प्रत्येक पावतीनंतरचं जीसी.कलेक्ट पण काढा, ते उगाच वेळ खातंय आणि रांगेतल्या माणसाला थांबवतंय.

आता हे केल्यावर टास्क मॅनेजरमधला आकडा सकाळच्या आकड्यावर परत येईल का, तर तंतोतंत नाही, आणि तेव्हा परत लीक आहे म्हणून घाबरू नका. फोटोसारखे मोठे तुकडे सुटले की ती जागा बहुतेक वेळा विंडोजला परत जाते. पण 512 बाइटपर्यंतचे लहान ऑब्जेक्ट पायथन स्वतःच्या अ‍ॅलोकेटरमधून देतो, तो सिस्टिमकडून मोठे पट्टे घेतो, त्याला अरीना म्हणतात, आधी 256 केबीचा असायचा, 64 बिटवर 3.10 पासून 1 एमबीचा, आणि त्यातून लहान लहान जागा वाटतो. अरीना परत द्यायचा तर त्यातला एकूण एक ऑब्जेक्ट सुटलेला पाहिजे. गोडाऊन भाड्याने घेतलं, सगळ्या गाठी गेल्या आणि कोपऱ्यात एकच राहिली तरी गोडाऊन खाली झालं म्हणता येत नाही आणि भाडं चालूच राहतं, तसंच हे. फरक एवढाच बघायचा की आकडा एका पातळीवर जाऊन थांबतो की चढतच राहतो. थांबत असेल तर ती मोकळी जागा पायथन पुढच्या पावत्यांना वापरतोय, सोडून द्या.

आणि समजा चढतच राहिला पण ट्रेसमॅलॉकच्या दोन स्नॅपशॉटमध्ये काहीच फरक नाही, तर गळती पायथनच्या बाहेर आहे, एखाद्या सी मध्ये लिहिलेल्या लायब्ररीत, कारण ती स्वतः थेट मॅलॉक करते तेव्हा ट्रेसमॅलॉकला दिसत नाही. फोटो ज्यात साठतात ती नमपाय लायब्ररी आपली मागणी 1.13 पासून ट्रेसमॅलॉकला कळवते म्हणून तुमचे फोटो दिसतात, प्रत्येक लायब्ररी तसं करत नाही. अशा वेळी काट्याचा सीरियल पोर्ट वाचणारा भाग बंद ठेवून एक दिवस चालवून बघा, मग फोटोचा भाग बंद ठेवून, म्हणजे कोणत्या बाजूला आहे ते कळेल. तुमच्या बाबतीत मला तसं वाटत नाही, कॅशे निघाला की प्रश्न मिटावा. तिथं गाड्या भरून पहाटेपासून लोक उभे असतात हे मला माहीत आहे, म्हणून हे काम रविवारवर ढकलू नका.

प्रश्न : दादा, मी मोर्शीचा, बी.एस्सी. पहिलं वर्ष. पायथन 3.12 मध्ये सिस.गेट रेफकाउंटला (किती जणांनी धरलंय ते सांगणारं फंक्शन) नन दिलं तर 4294967295 येते. एवढे जण ननला कुठून धरून बसले? मेमरी भरली का?

उत्तर : मेमरी भरली नाही रे. 3.12 पासून नन, ट्रू, फॉल्स आणि उणे 5 ते 256 पर्यंतचे आकडे हे अमर केलेत, म्हणजे त्यांची मोजणी करणंच बंद केलंय, कारण ते प्रोग्राम संपेपर्यंत कधी सोडायचेच नसतात आणि प्रत्येक वेळी त्यांचा आकडा वाढवत-कमी करत बसण्यात अर्थ नव्हता. हा जो आकडा दिसतो तो 32 बिटमध्ये बसणारा सगळ्यात मोठा, "मी अमर आहे" एवढंच सांगणारी खूण. 7 टाकून बघ, तोच येईल. खरी मोजणी बघायची असेल तर स्वतः एखादी लिस्ट बनव, तिला आणखी एक नाव दे आणि मग बघ, दोन नावं असून 3 येतील, कारण गेट रेफकाउंटला देताना ती लिस्ट त्या फंक्शननेही तेवढ्यापुरती धरलेली असते.